लाव्ह्यांच्या खाद्यात झाडपाला : कोणता, किती आणि कशासाठी?



परड्यात शेवगा आहे, पाटाच्या कडेला लसूणघास आहे, बांधावर सुबाभूळ उभी आहे, आणि खड्ड्यात ॲझोला वाढवणे आता गावोगावी माहीत झाले आहे. असे असताना अंड्यांवरच्या लाव्ह्यांना पोत्यातले विकतचे खाद्य कशाला घालायचे, हा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पाखरे पाळण्याच्या धंद्यात शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले साठ-सत्तर रुपये एकट्या खाद्यावर जातात. तेव्हा हात आखडता घ्यायचा तर माणूस आधी खाद्याकडेच पाहणार.

इथे दोन प्रकारची माणसे फसतात. पहिला म्हणतो, पाला फुकटचा आहे, अर्धे खाद्य बंद करून अर्धा पाला घालू. पंधरवड्यात त्याची अंडी घटतात, उरलेल्यांची कवचे पातळ होतात, आणि दोष मात्र पाखरांच्या जातीला दिला जातो. दुसरा बाजारातून वनौषधींची महागडी पुडी आणतो आणि ती घातली की अंडी दुप्पट होतील म्हणून वाट पाहत बसतो. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे. झाडपाला लाव्ह्यांना उपयोगी पडतो, पण जेवणातल्या चटणी-कोशिंबिरीसारखा. तो भाकरीची जागा घेऊ शकत नाही. का घेऊ शकत नाही, आणि चटणीइतका घातला तर नेमका काय फायदा होतो, हे आज आपण आकड्यांनिशी पाहू.

हिंगण्याचे कर्वेनगर झाले

पुण्याचे कर्वेनगर तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. कोणाची लेक तिथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत शिकत असेल, कोणाचा भाचा खोली घेऊन नोकरी करत असेल. आज तिथे जिकडे पाहावे तिकडे इमारती दिसतात. पण मुळात हे मुठेच्या काठचे हिंगणे बुद्रुक नावाचे खेडे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेला आश्रम १९०० साली याच हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. दिवसभराचे शिकवणे आटोपून ते पायी हिंगण्याला जात. त्या माळावर पुढे मोठी संस्था उभी राहिली, भोवती वस्ती वाढली आणि पिकवणारे हिंगणे विकत घेणारे कर्वेनगर होऊन बसले.

लाव्ह्यांची अंडी खरेदी करणारे गिऱ्हाईक अशाच वस्त्यांमध्ये असते. तिथल्या सदनिकेत किंवा गच्चीवर पाखरे पाळायची म्हटले तर शेजाऱ्यांची कुरकुर आणि महापालिकेचे नियम आडवे येतात. तुमच्याकडे जागा आहे, हवा आहे, पाला आहे. मात्र शहरातले गिऱ्हाईक चोखंदळ असते. डबी उघडली की ते अंड्याला तडा नाही ना हे पाहते, आणि घरी गेल्यावर आतला बलक पिवळाधमक आहे का हे पाहते. या दोन्ही गोष्टी पाखराच्या खाद्यावर ठरतात. त्यातली एक पाल्याने साधते, दुसरी पाल्याने मुळीच साधत नाही. ते पुढे येईलच.

पाखरू केवढे, त्याचे पोट केवढे

आपण ज्याला लाव्हा, बटेर किंवा हल्ली क्वेल म्हणतो, ते पाळीव पाखरू जपानी जातीचे आहे. १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रातून ते उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आणले गेले. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे आपल्या हवामानाला मानवतील असे त्याचे वाण तयार केले आणि तिथून ते देशभर पसरले.

पाखरू लहान, पण कामाला मोठे. अंडे सतरा-अठरा दिवसांत उबते. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. तिचे वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम आणि तिचे अंडे दहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपल्या वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढे अंडे ती जवळजवळ रोज घालते. गावठी कोंबडीशी ताडून पाहा, म्हणजे या पाखराच्या अंगावर केवढा भार आहे ते कळेल.

आणि एवढे काम करणारे हे पाखरू दिवसाला खाते किती? साधारण पंचवीस ग्रॅम. आपल्या मुठीत मावेल एवढेसे. या पंचवीस ग्रॅममध्ये त्याचे जगणे, अंगाची ऊब आणि उद्याचे अंडे, सगळे भागले पाहिजे. पोटात जागा थोडी आणि गरज मोठी, ही अडचण एकदा ध्यानात आली की पाल्याचे प्रमाण ठरवणे सोपे जाते.

पंचवीस ग्रॅमचे गणित

अंड्यावरच्या लाव्हीच्या खाद्यात शेकडा वीस भाग प्रथिने असावीत. म्हणजे पंचवीस ग्रॅम खाद्यातून तिला रोज पाच ग्रॅम प्रथिने मिळतात.

आता ॲझोला घ्या. ॲझोल्यात शेकडा वीस-पंचवीस भाग प्रथिने असतात असे आपण ऐकतो. ते खोटे नाही, पण तो आकडा वाळलेल्या ॲझोल्याचा आहे. ताज्या ॲझोल्यात शंभरातले त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. शंभर ग्रॅम ताजा ॲझोला वाळवला तर हाती सहा ग्रॅम उरतो आणि त्यात प्रथिने सव्वा ग्रॅमच्या जवळपास. मग पाच ग्रॅम प्रथिने नुसत्या ताज्या ॲझोल्यातून मिळवायची, तर एका लाव्हीने रोज पावणेचारशे ग्रॅमच्या वर ॲझोला खायला हवा. तिचे स्वतःचे वजन दोनशे ग्रॅमच्या आत. आपल्या दुप्पट वजनाचा चारा रोज कोणते पाखरू खाईल?

गाईला चार पोटे असतात आणि तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्म जीव चाऱ्यातला चोथा कुजवून तिला पचवून देतात. लाव्ह्याला तशी सोय नाही. ओल्या पाल्याने त्याची गळपिशवी भरते, पोट भरल्यासारखे वाटते, दाणा मागे राहतो. शरीर आधी स्वतःला जगवते. अंडे ही शिल्लकीतून होणारी गोष्ट आहे. शिल्लक संपली की अंडे थांबते.

कवच पाल्यातून येत नाही

आता चुन्याचा हिशेब. दहा ग्रॅमच्या अंड्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास कवच असते आणि ते बहुतेक चुनखडीचेच. त्यातला निव्वळ कॅल्शियम पाव ग्रॅमहून थोडा जास्त भरतो. खाल्लेला सगळाच कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून खाद्यात तो शेकडा अडीच भाग ठेवतात. पंचवीस ग्रॅम खाद्यातून रोज सव्वासहाशे मिलिग्रॅम.

शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतो असे म्हणतात, आणि पाल्यांमध्ये तो खरोखरच चांगला आहे : वाळलेल्या पाल्यात शेकडा दोन भाग. पण खाद्यात शेकडा पाच भाग पाला घातला तर एका लाव्हीच्या वाट्याला येतो सव्वा ग्रॅम पाला, आणि त्यातून मिळतो पंचवीस मिलिग्रॅम कॅल्शियम. हवा होता सव्वासहाशे. म्हणजे गरजेचा पंचविसावा हिस्सा.

म्हणून कवचासाठी शिंपल्यांचा भरडा किंवा चुनखडीचा चुराच हवा. त्याला पाल्याचा पर्याय नाही. अंडी हाताळताना फुटू लागली, बिनकवचाची पडू लागली, तर शेवगा वाढवू नका. शिंपल्याचे प्रमाण पाहा.

मग पाला घालायचाच कशाला?

तीन गोष्टींसाठी. पहिली, बलकाचा रंग. दुसरी, पाल्यातली जीवनसत्त्वे. तिसरी, खाद्याच्या खर्चात होणारी थोडी बचत. यातली बचत किती, ते आधी सांगून टाकू, म्हणजे भलती आशा राहणार नाही.

शंभर माद्यांना रोज अडीच किलो आणि महिन्याला पंचाहत्तर किलो खाद्य लागते. त्यात शेकडा पाच भाग पाला घातला तर पावणेचार किलो वाळला पाला बसतो. शंभर रुपयांच्या खाद्यातले फार तर पाच रुपये वाचले, आणि पाला तोडण्या-वाळवण्याची मजुरी वेगळी. बलकाचा रंग ही मात्र पाल्याची खरी कमाई आहे.

पाखराला बलकाचा पिवळा रंग स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. तो खाद्यातूनच यावा लागतो. पिवळ्या मक्यात तो असतो. मका महाग झाला म्हणून कोणी ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी घातली, तर पोषण बरेचसे भागते, पण बलक फिका पडतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. अशा वेळी हिरवा पाला कामी येतो. पाला सुरू केल्यापासून आठ-दहा दिवसांत फरक डोळ्यांना दिसतो. मात्र पिवळा बलक म्हणजे जास्त प्रथिने, असे नव्हे.

कोणता पाला घ्यावा?

*शेवगा.* वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात पाव हिस्सा प्रथिने असतात. आपल्या परड्यातल्या पाल्यांत हा सर्वांत भरवशाचा. नुसती पाने घ्या, काड्या नकोत. सुरुवात शेकडा दोन भागांनी करा आणि पाचच्या वर जाऊ नका. जास्त झाला की कडवटपणामुळे पाखरे खाद्य टाकतात आणि चोथाही वाढतो.

*लसूणघास.* दुभत्या जनावरांसाठी लावलेला असतोच. फुलोऱ्यापूर्वी कापलेल्या घासाची फक्त पाने वाळवून घ्या. बलकाला रंग उत्तम येतो. मात्र घासात फेस आणणारे एक द्रव्य असते. ते जास्त पोटात गेले तर पाखराचे खाणे आणि अंडी दोन्ही कमी होतात. म्हणून शेकडा तीन-चार भाग पुरे.

*ॲझोला.* दोन मीटर लांब, एक मीटर रुंद खड्ड्यात जाड कागद अंथरून, चाळलेली माती, शेण आणि थोडे सुपर फॉस्फेट घालून वीतभराच्या आत पाणी ठेवले की ॲझोला वाढतो. असा खड्डा नीट चालला तर रोज अर्धा किलोपर्यंत ॲझोला देतो. वाळवला तर तो तीस-पस्तीस ग्रॅम भरतो. शंभर पाखरांच्या अडीच किलो खाद्यात हे शेकडा दीड भागसुद्धा नाही. म्हणून एका खड्ड्यावर मोठी गणिते बांधू नका. ताजा घालायचा तर स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुऊन, शेणाचा वास गेल्यावर, दुपारी चिमूट-चिमूट घाला. खड्ड्यावर जाळी हवीच. रानपाखरे पाण्यावर येतात आणि त्यांच्या विष्ठेतून रोग येऊ शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती पाखरे मारून पुरावी लागली, हे खानदेशातले लोक विसरलेले नाहीत.

*झेंडू.* झेंडूच्या पाकळ्यांत पिवळे रंगद्रव्य भरपूर. दसरा-दिवाळीनंतर शेतात राहिलेली फुले सावलीत वाळवून पाकळ्या कुटून ठेवा. शंभर किलो खाद्याला अर्धा ते एक किलो पुरे. मात्र फूल बिनफवारणीचे असावे. गुलाल-कुंकू लागलेले, देवाला वाहिलेले हार पाखरांपुढे टाकू नयेत. रंग आणि दोरा दोन्ही घातक.

सुबाभूळ गाईला चालते, लाव्ह्याला नाही

कर्वेनगरला लागूनच वारजे आहे. उरुळीकांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेचे मुख्य कार्यालय आज वारज्याला आहे. याच संस्थेने सुबाभळीचा प्रसार महाराष्ट्रात केला आणि कित्येकांच्या बांधावर ती उभी राहिली. गाई-शेळ्यांना ती थोड्या प्रमाणात, इतर चाऱ्याबरोबर, चांगली मानवते. प्रथिनेही भरपूर.

पण सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. गाई-शेळ्यांच्या पहिल्या पोटातले जीव त्याचा बराचसा बंदोबस्त करतात. पाखरांच्या पोटात हा पहारा नाही. त्यांची वाढ खुंटते आणि अंडी घटतात. प्रथिनांचा आकडा पाहून भुलू नका. शेवगा असताना लाव्ह्यांना सुबाभूळ घालण्याचे काही कारण नाही. गाजरगवत, घाणेरी, एरंड, धोतरा, रुई यांचे पान तर चुकूनही पाल्यात येऊ देऊ नका. पाला तोडायला मुलांना पाठवले असेल, तर आणलेला भारा एकदा स्वतः चाळून पाहा.

घरच्या पेंडी आणि कडधान्ये : तीन सावधगिऱ्या

सोयाबीन आता मराठवाडा-विदर्भात घरोघर आहे. पण कच्चे सोयाबीन दळून पाखरांना घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. ते उष्णतेने जाते. म्हणून तेल काढलेली, शेकलेली पेंडच वापरा.

सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. त्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. एवढ्या एका कारणाने गिऱ्हाईक तुटू शकते.

शेंगदाणा पेंड चांगली, पण बुरशी नसलेली. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पाखरे पटापट मेली. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतली बुरशी सापडली, आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. वाफा मारलेली, वास येणारी पेंड उन्हात घालून विष जात नाही. ती टाकून द्या. जनावरालाही घालू नका.

लसूण, हळद, मेथी आणि पुड्या

औषधी वनस्पतींच्या पुड्या आताच इतक्या का दिसू लागल्या, यामागे कारण आहे. पूर्वी पाखरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यातून थोडी थोडी प्रतिजैविके घालत. त्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसालाही बाधतात, हे कळले. युरोपातील देशांनी १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके घालणे बंद केले. आपल्या सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन हे औषध जनावरांच्या व पाखरांच्या खाद्यात वापरण्यावर बंदी घातली. तेव्हापासून लसूण, हळद, मेथी, तुळस, आले यांच्याकडे लक्ष गेले.

लाव्ह्यांवरही असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. कुठे अंडी थोडी वाढली, कुठे काहीच फरक पडला नाही. यावरून एवढेच घ्यायचे की घरची हळद किंवा लसणाची पूड शंभर किलोला अर्धा किलोपर्यंत घालून पाहायला हरकत नाही, पण त्यासाठी कर्ज काढू नये. आणि रोग आला तर पुडीवर विसंबू नये. पाखरे एकाएकी मरू लागली तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेल्या पाखरांची तपासणी करण्यासाठी पुण्याला औंध येथे सरकारी रोग अन्वेषण विभाग आहे. तिथे नमुना कसा पोहोचवायचा ते डॉक्टर सांगतील. मेलेले पाखरू ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

वाळवणे आणि मिसळणे

पाला सकाळी दव उडाल्यावर तोडा. एकदा धुऊन, पाणी निथळून, सावलीत पातळ पसरा. कडक उन्हात हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर बलकाचा पिवळेपणाही जातो. दिवसातून दोनदा वरखाली करा. पान चुरले की कुरकुर वाजून पूड झाली पाहिजे. मऊ लागले तर अजून ओल आहे आणि डब्यात बुरशी येणार. साडेचार-पाच किलो ओल्या शेवग्यातून एक किलो वाळला पाला मिळतो. म्हणजे शंभर माद्यांना महिन्याला सतरा-अठरा किलो ओली पाने लागतील. पावसाळ्यात पाला नीट वाळत नाही. म्हणून मे महिन्यात दोन-तीन महिन्यांचा साठा करून घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.

वाळला पाला कुटून चाळून घ्या. फार बारीक धूळ झाली तर पाखरे ती गव्हाणीच्या तळाशी तशीच ठेवतात. आधी पाला दोन-तीन किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग तो भरडा सगळ्या खाद्यात मिसळा. एकदम शंभर किलोत टाकला तर एका पाखराला जास्त आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होते.

घरी खाद्य करणाऱ्यांसाठी शंभर किलोचा नमुना असा : पिवळ्या मक्याचा भरडा ५४ किलो, सोयाबीन पेंड ३२ किलो, वाळला शेवगा ४ किलो, शिंपल्यांचा भरडा ६ किलो, खाद्यतेल दीड किलो, डायकॅल्शियम फॉस्फेट दीड किलो, मीठ ३०० ग्रॅम आणि जीवनसत्त्वे, क्षार व मिथिओनिन मिळून ७०० ग्रॅम. यात प्रथिने शेकडा वीस भरतात. मक्याची आणि पेंडीची प्रत जागोजागी बदलते, म्हणून हा नमुना आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरा. कोंबड्यांचे तयार लेयर खाद्य तसेच लाव्ह्यांना घालू नका. त्यात प्रथिने सोळा-अठराच असतात, लाव्हीला ती कमी पडतात.

वीस-वीस पाखरांचा प्रयोग

कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आमच्याही नाही. तुमच्याच पिंजऱ्यात करून पाहा. एकाच वयाच्या चाळीस माद्या घ्या. वीस एका खणात, वीस दुसऱ्यात. एकीकडे नेहमीचे खाद्य, दुसरीकडे पाला मिसळलेले. उजेड, पाणी, जागा सगळे सारखे. पहिला आठवडा सवयीचा, तो हिशेबात धरू नका. पुढचे चार आठवडे रोज वहीत लिहा : किती खाद्य घातले, किती उरले, किती अंडी मिळाली, किती तडकली. आठवड्यातून एकदा दहा अंडी एकत्र तोला. हे काम शाळेतल्या मुलीकडे द्या. तिचे गणितही पक्के होईल.

मग एकच आकडा काढा : एका अंड्याला किती खाद्य लागले? समजा, पहिल्या खणाने दिवसाला ५०० ग्रॅम खाल्ले आणि १६ अंडी दिली. म्हणजे अंड्याला ३१ ग्रॅम. दुसऱ्या खणाने ५४० ग्रॅम खाल्ले आणि १५ दिली, तर अंड्याला ३६ ग्रॅम. दुसरे खाद्य किलोमागे स्वस्त असले तरी अंड्यामागे ते महाग पडू शकते. तेव्हा किलोचा भाव विचारू नका, अंड्याचा भाव विचारा. घरातल्या बाईच्या हाती वही असेल तर हा हिशेब चुकत नाही, असा बचत गटांचा अनुभव आहे.

पाल्याआधी हे पाहा

अंडी कमी झाली की लगेच खाद्य बदलू नका. आधी उजेड पाहा. अंड्यावरच्या लाव्हीला दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तास उजेड लागतो. थंडीत दिवस लहान होतो आणि दिवा लावायचे राहून जाते. दोष मात्र खाद्यावर येतो. मग पाणी पाहा. उन्हाळ्यात तापलेले पाणी पाखरू पीत नाही, आणि पाणी पीत नाही ते खातही नाही. मग सांडलवंड पाहा. लाव्हे चोचीने खाद्य उडवतात. गव्हाण काठोकाठ भरण्याऐवजी अर्धीच भरली तर पाल्याने वाचते त्याहून जास्त खाद्य वाचू शकते, आणि त्याला काही कष्टही नाहीत.

लाव्ह्या बहुतेक अंडी दुपारी तीन ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान घालतात. म्हणून दिवेलागणीला एकदा आणि सकाळी एकदा अंडी गोळा करा. रात्रभर पायाखाली राहिलेले अंडे तडकते, आणि त्याचे खापर शिंपल्यावर फुटते.

आणखी एक. पिल्ले उबवणी केंद्रातूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. आपल्या शेतात येणारे रानलाव्हे वेगळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना धरणे गुन्हा आहे. ते ज्वारीतले किडे टिपतात, त्यांना तसेच राहू द्या.

थोडक्यात, शंभर किलोला चार-पाच किलो शेवगा किंवा तीन-चार किलो घास, मूठभर झेंडू, शिंपल्याचा पुरता भरडा, आणि बाकी समतोल खाद्य. यापेक्षा जास्त पाल्याने अंडी वाढत नाहीत, यापेक्षा कमीने काही बिघडत नाही. येत्या मे महिन्यात शेवग्याचा पाला वाळवून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडी वीस-वीस माद्यांचा प्रयोग लावा, आणि दसऱ्यापर्यंत तुमच्या वहीत तुमच्याच पाखरांचे उत्तर लिहिलेले असेल. शहरातल्या लेकीकडे अंड्यांची पहिली डबी पाठवाल तेव्हा एक अंडे फोडून बलक पाहायला तिला अवश्य सांगा.